अक्काच्या हातावरच्या शिरा

आमच्या घरात ‘शिरा’ हा शब्द आधी ताटात आला, अंगावर नंतर दिसला. अव्वा, म्हणजे आमची आई, दोडका सोलायची तेव्हा त्याच्या कडेच्या खरबरीत धारा विळीवर अलगद वेगळ्या काढून ठेवायची. त्या शिरा. तव्यावर थोडं तेल, तीळ, सुकी मिरची टाकून ती त्या करकरीत होईपर्यंत परतायची आणि पाट्यावर भरड वाटायची. दोडक्याची भाजी अप्पांना आणि आल्यागेल्याला, शिरांची चटणी आम्हा बायकांना, अशी वाटणी कुणी बोलून केलेली नव्हती, पण ती कधी मोडलीही नाही. सणाला रव्याचा शिरा व्हायचा. मला लहानपणी वाटायचं की हे दोन्ही एकाच घरातले शब्द आहेत, एक सणाचा, एक रोजचा. आत्ती, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, आमच्याकडे आली की जेवणानंतर विड्याचं पान मांडीवर उलटं ठेवायची आणि त्याच्या पाठीवरची शीर नखानं ओढून काढायची. ‘शीर राहिली की पान चरचरतं,’ म्हणायची. आणि अप्पा दुकानात बसून सडकेपलीकडच्या कुणाला हाक मारायला लागले की अव्वा आतून म्हणायची, “इतक्या शिरा ताणून वरडायला तो काय हुमनाबादला बसलाय व्हय?” तेव्हा मला कळलं की शिरा माणसाच्या गळ्यातही असतात.

पण शिरा म्हटलं की मला दिसायचा तो अक्काचा हात. अक्का माझी थोरली बहीण, महानंदा तिचं नाव, मी मात्र जन्मभर अक्काच म्हणत आले. माझ्याहून ती चांगलीच मोठी. मला कडेवर घेऊन ती पाणी भरत असे, असं अव्वा सांगायची. तिच्या हातावर, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत आणि तिथून वर कोपरापर्यंत, निळसर हिरव्या शिरा उठून दिसत. दुपारी ती भिंतीला टेकून बसली की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या शिरांवरून बोट फिरवायची. एक शीर दाबली की पुढची नाहीशी व्हायची, बोट उचललं की पुन्हा भरून यायची. शाळेत भूगोल सुरू झाला तेव्हा मी त्यांना नद्यांची नावं दिली. मधली जाड ती मांजरा. अंगठ्याकडून येऊन तिला मिळणारी ती कारंजा. “आणि ही?” अक्का करंगळीकडची बारीक शीर दाखवून विचारायची. तिचं नाव मला येत नसे. “मग ती आपल्या गावचा वढा,” ती म्हणायची. माझा नकाशा असा तिच्या हातावर पाठ झाला, आणि परीक्षेत मला भूगोलात नेहमी चांगले गुण पडले.

आमचं घर बीदर जिल्ह्यात, मन्नाएखेळ्ळीला, मोठ्या सडकेच्या कडेला. पुढच्या खोलीत अप्पांचं दुकान होतं. दोर, बादल्या, घमेली, बैलांच्या घुंगुरमाळा. मागं स्वयंपाकघर आणि परसात विहीर. ट्रक जाताना फळीवरची भांडी थरथरायची, त्याची आम्हाला इतकी सवय होती की एखाद्या बंदच्या दिवशी ती शांत राहिली की अव्वाला करमत नसे. पण घराचा खरा आवाज म्हणजे भाकरीचा. अक्का पहाटे चुलीपुढे बसायची आणि काटवटीत ज्वारीची भाकरी थापायची, थप थप थप, एका लयीत, मध्ये एकदा फिरवल्याचा हलका घसरा, पुन्हा थप थप. मी त्या आवाजावर जागी व्हायची. ती पातळ भाकरी तव्यावर शेकून मग निखाऱ्यापुढे उभी करून कडक करायची. आमच्या भागातली कडक भाकरी महिनाभर टिकते, पापडासारखी मोडते, प्रवासाला नेतात. अक्काच्या भाकरीवर एक डाग नसायचा. चुलीची धग लागली की तिच्या हातावरच्या शिरा आणखी फुगून यायच्या, आणि पिठाच्या पांढऱ्या हातांवर त्या निळ्या रेघा मला फार देखण्या वाटायच्या. त्यात काही वावगं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला पाहुण्यांनी शिकवलं.

आम्ही बसवण्णांना मानणारे लोक. घरात अव्वाशी मराठी, आत्तीशी कानडी, दुकानात गिऱ्हाईक बघून उर्दू. एका वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणी थांबून विचार करत नसे. आत्ती चिंचोळीकडे दिलेली होती. तिकडे राहून तिची मराठी कानडीच्या अंगानं वाकलेली, पण भावाच्या घरी ती मराठीच बोलायचा हट्ट धरायची, विशेषतः पाहुणे मराठी असले की.

अक्काला बघायला पहिल्यांदा आले ते उदगीरकडचे. काशप्पा म्हणून अप्पांचे एक ओळखीचे गृहस्थ होते, सोयरिकी जमवणं हा त्यांचा छंद. ते पाहुण्यांना घेऊन आले. मुलगा, त्याचा चुलता, एक म्हातारे गृहस्थ कपाळभर विभूती लावलेले, आणि मुलाची आई. अव्वानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता आणि शिरा. मी दाराच्या फळीआड उभी राहून बघत होते. अक्का खाली मान घालून बसली. मुलाच्या आईनं तिला जवळ बोलावलं, हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“पोरगी चांगली हाय,” ती म्हणाली. “पण हातावर शिरा कामून इतक्या वर आल्यात ओ? दुखणं-बिखणं झालतं का?”

“काई न्हाई माय,” अव्वा म्हणाली. “सकाळी भाकरी थापली न्हवं. धगीनं येत्यात.”

इथं सगळं संपायला हवं होतं. पण आत्तीला भावाच्या घराण्याची बाजू घ्यायची होती. कानडीत शिरेला ‘नर’ म्हणतात. आत्तीच्या डोक्यात तोच शब्द होता, आणि तो मराठीत चालतो की नाही याचा विचार करायला तिला वेळ नव्हता.

“तसं न्हाई ओ यीणबाई,” ती ठासून म्हणाली. “आमच्या घराण्यातल्या पोरींना नर लईच. हिला तर लहानपणापासनं नर. हिच्या आज्जीला बी लई नर होते, म्हातारी होईस्तोवर! त्याला काय भ्यायचं?”

म्हातारे गृहस्थ शिऱ्याची वाटी खाली ठेवून छताकडे बघू लागले. मुलाच्या चुलत्याला ठसका लागला. मुलगा माझ्या आठवणीप्रमाणे फक्त अक्काकडे बघत होता, आणि अक्काचे कान लाल झाले होते. आत्ती सगळ्यांकडे बघत, आपण काय चुकीचं बोललो या विचारात.

काशप्पा धावून आले. “अवो, नर म्हणजे कानडीत नस! नस ओ! हातावरची नस.”

मग मात्र घर हसून हसून पडलं. चुलत्यानं डोळे पुसले. म्हातारेही हसले, आणि आत्तीनं पदर तोंडाला लावला. त्या हसण्यात मला वाटलं, जमलं. पण मुलाची आई हसत नव्हती. ती अजून अक्काचा हात धरून बसली होती.

“नसांचं हाय व्हय?” ती हळू म्हणाली. “आमच्या भाच्याच्या बायकोला नसांचंच होतं. हात असा कापायचा. पाण्याचा तांब्या धरता यायचा न्हाई बिचारीला.”

“नस न्हाई ओ, शीर,” अव्वा म्हणाली. “शीर. नुसती शीर.”

तिचा शब्द अगदी बरोबर होता. पण तो उशिरा आला, आणि तोवर दुसरा शब्द बसून गेला होता. शीर म्हटलं तर ती रक्ताची, दिसणारी, निरुपद्रवी. नस म्हटलं की ती रक्ताचीही असते आणि दुखण्याचीही. दबलेली, आखडलेली, कमजोर. आमच्या सडकेच्या भिंतींवर कुठल्या कुठल्या हकिमांनी नसांच्या कमजोरीची औषधं चुन्यानं लिहून ठेवली होती, ती शाळेला जाताना मी मोठ्यानं वाचायची आणि अव्वा माझ्या पाठीत धपाटा घालायची. त्या भिंतींवरचा शब्द आता माझ्या अक्काला चिकटला. पाहुण्यांनी शिरा मात्र आवडीनं खाल्ला, मागून घेतला. विचार करून कळवतो म्हणाले. कळवलं ते काशप्पांनीच, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, आत न येता.

पुढं मी मराठीची शिक्षिका झाले. एका शब्दाचे अनेक अर्थ हा धडा मी कितीतरी वर्गांना शिकवला. शिरा शब्द फळ्यावर लिहिला की मुलं हमखास गोडाचं नाव आधी घेतात. मग कुणीतरी हात दाखवतं. मी ‘शाबास’ म्हणते आणि पुढच्या शब्दाकडे वळते. नर हा शब्द मी कधी फळ्यावर घेतला नाही.

त्यानंतर अक्काला बघायला आणखी लोक आले, पण ते येण्याआधी त्यांच्या कानावर गेलेलं असायचं. मन्नाएखेळ्ळीच्या त्या दोरवाल्याच्या पोरीला नसांचं काहीतरी आहे. कुणी म्हणायचं हात कापतो, कुणी म्हणायचं फिट येते. अव्वानं मग एक उपाय शोधला. हात वर धरला की शिरा आत जातात हे तिला कुठून तरी कळलं होतं. पाहुणे यायच्या आधी ती अक्काला मधल्या खोलीत वलणीखाली उभी करायची. कपडे वाळत घालायची ती बांबूची दांडी छताजवळ टांगलेली असायची. अक्का दोन्ही हातांनी ती धरून उभी राहायची, नवी साडी नेसून, डोक्यात गजरा माळून. “हात वर धर गं,” अव्वा मधूनमधून स्वयंपाकघरातून ओरडायची. “खाली सोडू नको. सोडलास की भरून येत्यात.” मी सुशीलासाठी कांदा चिरत चिरत अक्काकडे बघायची. तिला कंटाळा आला की ती डोळे मोठे करून मला वेडावून दाखवायची. “झोका द्यायलीस का मला?” असं एकदा म्हणाली, आणि मी खरंच तिला कमरेला धरून हलवलं. आम्ही दोघी हसत सुटलो. अव्वा उलथनं घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघून रागवायचं विसरली आणि चुलीकडे परत गेली. तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडते आहे.

मला जे लिहायचं आहे ते इथून पुढचं आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यात जास्त जड जातं. आमच्यात थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं करत नाहीत. मी सातवी झाले तेव्हा आमच्या आळीतल्या माझ्या वयाच्या मुलींची शाळा सुटली होती, आणि आत्ती अप्पांना म्हणाली की हिलाही आता घरी बसव, बघायला सुरुवात कर. अप्पा म्हणाले, “थोरलीचं जमेपर्यंत जाऊ दे की शाळेला. घरात बसून काय करायली ती?” पुढच्या जूनमध्ये तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा. माझं शिक्षण कुणी ठरवलेलं नव्हतं. अक्काचं लग्न ठरत नव्हतं, तेवढ्या मोकळ्या जागेत ते उगवलं. पाहुण्यांचा नकार आला की त्या दिवशी घरात चूल विझल्यासारखी असायची. अव्वा जेवत नसे. अप्पा दुकान लवकर लावून घेत. अक्का काहीच न झाल्यासारखी शेंगा निवडत बसे. आणि मी आतल्या खोलीत वह्यांना जुन्या कागदाची कव्हरं घालत असे, आणि माझ्या पोटात एक सुखाची लाट उठत असे, की आणखी एक वर्ष मिळालं. ती लाट मी बोलावली नव्हती. थांबवताही आली नाही. मी तोंड खाली घालून खळ लावत राहायची, कुणाला माझा चेहरा दिसू नये म्हणून. आजही जूनमध्ये नव्या पुस्तकांचा वास आला की माझे सहकारी खोल श्वास घेतात, आणि मी खिडकी उघडते.

दहावीला मी पहिल्या वर्गात आले. चिटगुप्प्याला पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाऊ लागले. एव्हाना अक्कानं सडकेवरच्या धाब्यांना कडक भाकरी द्यायला सुरुवात केली होती. टोपल्यात कापड पसरून ती भाकरी रचायची. माझ्या बसचा पास, पुस्तकं, सगळं त्या टोपल्यांतून आलं. पी.यू.सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी मला थांबवून सांगितलं की बीदरला बी.ए. कर, मुलींचं वसतिगृह आहे. मी घरी येऊन हे फक्त अक्काला सांगितलं. ती भाकरी रचत होती, मी एकेक तिच्या हातात देत होते.

“मला जायचंय अक्का,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “भाकरी मोडायलीस बघ,” ती म्हणाली. “हळू ठेव.”

त्याच हिवाळ्यात काशप्पा औरादकडचं स्थळ घेऊन आले. ते नेहमीसारखं नव्हतं. दोन भाऊ, दोघंही लग्नाचे, शेती आणि शिवाय अडत. त्यांना दोन बहिणी हव्या होत्या, एकाच मांडवात दोन्ही लग्नं. थोरलीचं काही कानावर आलंय, पण बघून ठरवू म्हणाले. अप्पा त्या दिवशी कित्येक वर्षांनी अव्वाशी स्वयंपाकघरात येऊन बोलले. अव्वानं मला जवळ घेऊन माझ्या गालावरून हात फिरवला. घरातल्या सगळ्यांचं एकदम भलं होत होतं, आणि त्यात मी एकटी अशी होते जिला रडू येत होतं. मी रडले नाही. अक्कासाठी हे स्थळ म्हणजे शेवटचा दरवाजा होता, हे मला पक्कं माहीत होतं. तो बंद व्हावा असं मी मनात आणू नये म्हणून पाढे म्हणत होते, हे मला आठवतं. एवढी मोठी मुलगी मी, आणि पाढे म्हणत होते.

पाहुणे यायच्या दिवशी अव्वानं अक्काला वलणीखाली उभी केली आणि ती पुढं सतरंजी अंथरायला गेली. मी नवी साडी नेसून आले तो वलणी रिकामी. मी मागच्या दारानं परसात गेले. अक्का धुण्याच्या दगडावर बसली होती. बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या, बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या, आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मधून खाली, जमिनीकडे सोडलेले. ते ती संथ हलवत होती, घड्याळाच्या लंबकासारखे.

“काय करायलीस?” मी म्हणाले. “पाहुणे आलेत.”

“काई न्हाई गं. हात भरून आलेत,” ती म्हणाली. “सकाळी लई भाकरी थापली.”

मला तिची कणव आली. दमली आहे बिचारी, असं मला वाटलं, आणि मी तिच्या बांगड्या उचलून दिल्या. तिनं त्या घातल्या नाहीत, कमरेला खोचल्या.

दोघे भाऊ, त्यांची मावशी आणि एक वडील माणूस आले होते. अक्कानं चहाचं ताट त्या मावशीपुढे धरलं, आणि ताट ठेवल्यावर हात मागे घेतले नाहीत. ते तसेच पुढे ठेवले. शिरा इतक्या वर आल्या होत्या की माझ्या नकाशातला ओढाही लांबून दिसत होता. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं.

“नसांचं म्हणत होते,” ती काशप्पांकडे वळून म्हणाली, “ते ह्याच पोरीचं व्हय?”

काशप्पा तोंड उघडायच्या आत अक्का बोलली. बघण्याच्या कार्यक्रमात ती कधी बोलली नव्हती. “व्हय,” ती म्हणाली. “ह्याच हाताचं.”

अव्वाच्या हातातला पेला खाली पडला. आत्ती त्या दिवशी नव्हती, नाहीतर तिनं काय म्हटलं असतं कोण जाणे.

निरोप आला तो असा, की धाकटी आम्हाला पसंत आहे, थोरल्या भावासाठी धाकटीच द्या, थोरलीचं राहू द्या. काशप्पांनी हे दुकानात सांगितलं. मी आणि अक्का फळीआड होतो. अप्पा दोराचं वेटोळं घालत होते, ते घालत राहिले. निजामच्या काळातली उर्दू दुसरी एवढंच त्यांचं शिक्षण, आणि फारसं बोलणं नाही. दोराची गाठ मारून झाल्यावर ते म्हणाले, “काशप्पा, थोरलीला उंबऱ्यात उभी करून धाकटीला मांडवात न्हाई बसवायचं मला. दोघी न्हाईत तर कुणीच न्हाई. सांगून टाका.” मग आत तोंड करून म्हणाले, “सुमे, ते बीदरचं काय म्हणायलीस म्हणं तू? तुझी अक्का सांगत होती. जा.”

मी बीदरला गेले. पत्र्याच्या पेटीत वरच्या थरात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून गावच्या मठात स्वामींच्या हस्ते माझा सत्कार झाला, अप्पांनी त्या दिवशी नवा पटका बांधला. मला घडवणाऱ्या सगळ्यांचे मी भाषणात आभार मानले. सर, आईवडील, वसतिगृहाच्या बाई. अक्काचंही नाव घेतलं, पण “माझ्या ताईनं खूप कष्ट घेतले,” असं पुस्तकातल्यासारखं. मी तिला आयुष्यात कधी ताई म्हटलं नव्हतं. ती मागं बायकांत बसली होती, आणि ताई कोण म्हणून तिनं शेजारणीला विचारलं, असं नंतर कळलं. ती ते सांगून अजून हसते.

अप्पा गेल्यानंतर माझं लग्न झालं, सोबत शिकवणाऱ्या एका गृहस्थाशी. उंबऱ्याचा नियम सांगायला कुणी उरलं नव्हतं. हळदीच्या आदल्या दिवशी मी अक्काला परसात त्याच दगडावर गाठलं आणि विचारलं, औरादचं स्थळ तू माझ्यासाठी मोडलंस का?

“तुझ्यासाठी कशाला?” ती म्हणाली. “त्या माणसाच्या कानात केस होते. बाभळीच्या काट्यावानी. जन्मभर त्या कानात बोलायचं व्हय मी?”

मी पोट धरून हसले, आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तिचं तिनं ठरवलं होतं, माझा काही संबंध नव्हता. त्या कानांवर मी बरीच वर्षं सुखानं काढली. मग एका थंडीत, शाळेच्या पटांगणात प्रार्थनेला उभी असताना, एका शिपायाला बघून मला आठवलं. तो थोरला भाऊ आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या डोक्याला मफलर होता. गळ्यापासून टाळूपर्यंत गुंडाळलेला. चहा पितानासुद्धा त्यानं तो सोडला नव्हता. त्याचे कान कुणालाच दिसले नव्हते.

मी अक्काला हे बोलले नाही. काय बोलणार? तिच्या खोट्यावर मी इतकी वर्षं झोपले होते, ते उसवून तिच्या हातात काय द्यायचं होतं? अव्वा गेल्यावर ती आमच्याकडे बीदरला आली. आता आमच्याच घरात राहते. भाकरी आता गॅसवर, पण थापते तीच. माझ्या लेकीला तिनं वाढवलं, लेकीच्या हातावरही थोड्या शिरा आहेत, आणि ती मुलगी व्यायाम करून त्या मुद्दाम आणखी वर काढते. मैत्रिणींना दाखवते. अक्का ते बघून तोंडात बोट घालते.

गेल्या पावसाळ्यानंतर मला ताप आला. उतरेना, म्हणून यांनी मला इथल्याच एका दवाखान्यात नेलं. सलाईन लावायचं ठरलं. नर्स म्हणजे अगदी कोवळी मुलगी, नवी लागलेली, कानडी बोलणारी. माझे हात पहिल्यापासून गुबगुबीत. खडूशिवाय त्यांना काही जड उचलावं लागलं नाही. तिनं दंडाला रबर बांधला, बोटांनी टिचक्या मारल्या, एकदा टोचलं, मग दुसरीकडे टोचलं, मग दुसऱ्या हाताला. तिच्या कपाळावर घाम आला. शेवटी ती दाराकडे बघून मोठ्या नर्सला म्हणाली, “अक्का, नर सिगवल्दु.” म्हणजे शीर सापडत नाही.

अक्का माझ्या उशाशी स्टुलावर बसली होती. आपल्यालाच हाक मारली असं तिला वाटलं.

“नर मिळंना म्हणायलीस व्हय?” ती म्हणाली. “हिला एक मिळालाय की. बाहीर बाकावर बसलाय.”

मुलीला काही कळलं नाही. मी मात्र तापात हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अक्काही हसत होती, पदर तोंडाला लावून, अगदी आत्तीसारखी. अक्काच्या हातावरचं कातडं आता पातळ झालं आहे आणि मांजरा, कारंजा त्यातून अजून तशाच वाहतात. मोठी नर्स येईपर्यंत थांबू या म्हणून ती मुलगी रबर सोडू लागली.

“थांब बाळ,” अक्का म्हणाली. ती स्टुलावरून उठून खाटेच्या कडेला खाली बसली. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि खाटेच्या बाहेर, जमिनीकडे सोडला. “असा खाली सोड. हलव जरा. वर धरला की आत जात्यात, खाली सोडला की भरून येत्यात. घटकाभरात येतंय बघ.” आणि तिनं माझ्या मनगटाच्या मागं तळहातानं हलकेच थापायला सुरुवात केली, थप थप थप, मध्ये एकदा हात फिरवून, पुन्हा थप थप.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझा हात लंबकासारखा हलत होता.

“अक्का,” मी म्हणाले, “त्या दिवशी, धुण्याच्या दगडावर...”

“आली बघ,” ती म्हणाली. तिचा अंगठा माझ्या मनगटाच्या वर एका बारीक निळ्या रेघेवर टेकला होता. ती नर्सकडे वळली. “हितं घाल, बाई. आणि तू गप पड गं सुमे. सुई चाललीया.”